मुलांना लस देणं कायद्याने सक्तीचं असावं का?

कोवळंऊन

माझी मुलगी सात वर्षांची आहे. दीड वर्षापासून तिच्यावर रक्ताच्या कर्करोगाचे उपचार चालू आहेत. आजार आटोक्यात आहे, डॉक्टर समाधानी आहेत, अंगात बळ असेल त्या दिवशी ती शाळेतही जाते. हे मुद्दाम आधी सांगतेय, नाहीतर पुढचं नीट कळणार नाही.

गेल्या महिन्यात शाळेतून फोन आला. वर्गातल्या एका मुलाला गोवर निघालाय. फोन ठेवला आणि भिंतीवरचं कॅलेंडर काढून टेबलावर आडवं ठेवलं. पुरळ दिसायच्या चार दिवस आधीपासून गोवराचं मूल इतरांना लागण करत असतं. त्या चार दिवसांतले दोन दिवस माझी मुलगी शाळेत गेली होती. त्यातल्या एका दिवशी दोघं एकाच बाकावर बसून चित्र रंगवत होती. ते चित्र अजून आमच्या फ्रिजवर चिकटवलेलं आहे.

केमो चालू असताना गोवराची लस देता येत नाही. तिच्यात दुबळा केलेला पण जिवंत विषाणू असतो. लहानपणी घेतलेल्या डोसांचं संरक्षण उपचारांत टिकलं असेलच असंही नाही. अशा वेळी हातात एकच उपाय उरतो, तो म्हणजे संपर्कानंतर सहा दिवसांच्या आत इम्युनोग्लोब्युलिन द्यायचं. दुसऱ्या माणसांच्या रक्तातून घेतलेली तयार प्रतिपिंडं असतात ती. मी बोट ठेवून दिवस मोजले. पाचवा दिवस चालू होता. त्याच संध्याकाळी हातात सुई लावून थेंब थेंब ते औषध तिच्या अंगात गेलं. त्यानंतर चार आठवडे रोज सकाळी ती जागी व्हायच्या आत मी टॉर्च घेऊन तिच्या कानामागे बघत होते, कारण गोवराचं पुरळ बहुतेकदा तिथून सुरू होतं.

काही झालं नाही. ती ठीक आहे.

त्या मुलाला गोवराची लस दिलेलीच नव्हती. राहून गेली असं नाही, आईवडिलांनी ठरवून दिली नव्हती. त्या आईचा मला फोन आला होता. ती रडत होती. माझ्या तोंडून दोन शब्दही धड निघाले नाहीत.

म्हणून विचारतेय, सक्ती असावी का? माझं आजचं मत सांगते. असावी. ज्या मुलांना वैद्यकीय कारणाने लस चालत नाही त्यांना सूट द्यावी, बाकी सगळ्यांना लस झाल्याशिवाय शाळेत प्रवेश नको. वेगळं मत असलं तरी लिहा, वाचायची तयारी ठेवूनच धागा काढलाय.

नदीकाठ

वाचून गलबलून आलं. लेकीला खूप आशीर्वाद. माझा सक्तीला पाठिंबा आहे. एका गोवराच्या रुग्णापासून संरक्षण नसलेल्या १२ ते १८ जणांना लागण होऊ शकते. रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत विषाणू हवेत राहतो. एवढ्या झपाट्याने पसरणारा आजार थोपवायचा तर १०० पैकी ९५ जण सुरक्षित हवेत. 'माझ्या मुलाचं मी बघेन' हे धनुर्वाताबाबत एकवेळ म्हणता येईल, कारण तो एकापासून दुसऱ्याला होत नाही. गोवराबाबत नाही म्हणता येत.

प्रश्नचिन्ह

ताई, तुमचं लिखाण वाचून पोटात खड्डा पडला. मुलीला मनापासून शुभेच्छा. तरी विरोधी मत मांडतोय, कारण तुम्ही खरंच विचारलंय असं वाटलं.

माझा मुलगा १४ महिन्यांचा आहे. पोलिओ, घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, सगळे डोस वेळेवर झालेत. गोवराचा मी थांबवून ठेवलाय. म्हणजे तुमच्या गोष्टीतल्या त्या आईच्या जागी उद्या मी असू शकतो, हे मला कळतंय.

थांबवलाय, कारण मी दोन ठिकाणी प्रश्न विचारले आणि दोन्हीकडे मला मूर्खात काढलं. एका ठिकाणी डॉक्टरांनी मान वर न करताच सांगितलं, "सगळे घेतात, तुम्हीही घ्या." माझा प्रश्न साधा होता. काही झालं तर कुणाकडे यायचं?

लशीच्या इतिहासात चुका झालेल्या आहेत. १९५५ मध्ये अमेरिकेत कटर प्रयोगशाळेच्या पोलिओ लशीच्या काही साठ्यांत विषाणू जिवंत राहिला. सुमारे २०० जणांना पक्षाघात झाला, १० जण दगावले. १९९८ मध्ये तिथे रोटाव्हायरसची पहिली लस आली आणि पुढच्याच वर्षी परत घ्यावी लागली, कारण काही बाळांच्या आतड्यात आतडं शिरून अडकत होतं. मी लशींच्या विरोधात नाही. पण 'सक्ती' म्हटलं की समोरच्याची मला उत्तर द्यायची जबाबदारी संपते. आज तो मला समजावतो तरी, कारण मी नाही म्हणू शकतो. तो अधिकार गेल्यावर कोण कशाला समजावेल?

रानवाट

प्रश्नचिन्ह यांच्याशी सहमत. आणि स्वमग्नतेचं (ऑटिझमचं) काय? गोवराच्या लशीमुळे ती होते म्हणतात. त्यावर कुणीच काही का बोलत नाही?

जुनीवही

रानवाट, त्यावर बोलून झालं आहे, आणि भरपूर. १९९८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात अँड्र्यू वेकफील्ड या डॉक्टरांचा लेख आला, तिथून हे सुरू झालं. तो लेख १२ मुलांवरचा होता. पुढे बाहेर आलं की लस कंपन्यांवर दावा लावणाऱ्या वकिलांकडून त्यांनी पैसे घेतले होते आणि मुलांच्या नोंदींत फेरफार होते. २०१० मध्ये नियतकालिकाने लेख मागे घेतला आणि त्याच वर्षी वेकफील्ड यांचं नाव डॉक्टरांच्या नोंदवहीतून काढलं गेलं. त्यानंतर अनेक देशांत तपासण्या झाल्या. डेन्मार्कचा २०१९ मधला अभ्यास साडेसहा लाखांहून अधिक मुलांचा आहे. गोवर, गालगुंड, रुबेलाची लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलांत स्वमग्नतेचं प्रमाण लशीमुळे वाढलेलं आढळलं नाही. स्वमग्नतेची लक्षणं नजरेत यायचं वय आणि ह्या लशीचं वय एकच आहे, म्हणून आईबापांच्या मनात गाठ बसते. ती गाठ मी समजू शकतो. पण दोन गोष्टी पाठोपाठ झाल्या म्हणून एकीमुळे दुसरी झाली असं होत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे. मी कायद्याचा अभ्यासक आहे, जरा लांबण लागेल.

इंग्लंडने १८५३ मध्ये बाळ तीन महिन्यांचं व्हायच्या आत देवी काढणं सक्तीचं केलं. १८६७ पासून दंड एकदा भरून सुटका नव्हती, पुन्हा पुन्हा व्हायचा. पैसेवाले भरून मोकळे व्हायचे. मजुरांच्या घरातलं सामान जप्त होऊन लिलावात निघायचं, काहींना तुरुंगही झाला. १८८५ मध्ये लेस्टर शहरात सक्तीविरुद्ध प्रचंड मोर्चा निघाला. हे सगळे अडाणी होते असं समजणं चूक ठरेल. त्या काळी लस दिलेल्या एका मुलाच्या दंडावरच्या फोडातलं द्रव काढून दुसऱ्याच्या दंडात घालत, आणि त्यातून उपदंशासारखे आजार खरोखर गेल्याची उदाहरणं होती. विरोधकांचं हे गाऱ्हाणं खरं होतं. १८९८ मध्ये कायदा बदलला तेव्हा दोन गोष्टी एकदम झाल्या. सदसद्विवेकाच्या कारणाने, म्हणजे मनाला पटत नाही म्हणून, सूट मिळाली आणि दंडातून दंडात लस द्यायची पद्धत बंद होऊन वासरापासून तयार केलेली लस आली. पंचेचाळीस वर्षं लागली. सक्तीच्या जोरावर रांगा लागत होत्या, मग लस सुधारायची घाई कुणाला? प्रश्नचिन्ह यांना हीच भीती वाटतेय, आणि तिला इतिहासाचा आधार आहे.

पण न्यायालयांनी काय म्हटलं तेही बघा. १९०५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात जेकबसन यांचा खटला गेला. देवीची लस नाकारल्याबद्दल त्यांना पाच डॉलर दंड झाला होता. साथीपासून लोकांना वाचवायला राज्य असा नियम करू शकतं, असा निकाल लागला. १९२२ मध्ये त्याच न्यायालयाने लस नाही तर शाळाप्रवेश नाही, हा नियमही उचलून धरला. युरोपातल्या मानवी हक्क न्यायालयाने ८ एप्रिल २०२१ रोजी चेक प्रजासत्ताकाच्या बाजूने १६ विरुद्ध १ असा कौल दिला. तिथे लस न दिलेल्या मुलांना बालवाडीत घेतलं नव्हतं आणि एका पालकाला दंड झाला होता. न्यायालयाने एक गोष्ट महत्त्वाची धरली. कुणालाही धरून सुई टोचलेली नव्हती.

म्हणजे 'सक्ती' हा एकच शब्द आपण पाच वेगवेगळ्या गोष्टींना वापरतोय. जर्मनीत १ मार्च २०२० पासून शाळा-पाळणाघरासाठी गोवराची लस लागते, नाहीतर अडीच हजार युरोपर्यंत दंड. इटलीने २०१७ मध्ये सक्तीच्या लशी चारवरून दहा केल्या, फ्रान्सने २०१८ मध्ये तीनवरून अकरा. ऑस्ट्रेलियाने २०१६ पासून लस नसलेल्या मुलांच्या पालकांचं काही सरकारी अर्थसाहाय्य थांबवलं. कॅलिफोर्नियाने २०१५ मध्ये कायदा करून वैयक्तिक मताच्या आधारे मिळणारी सूट रद्द केली, तर वैद्यकीय कारणाने सूट देणारी प्रमाणपत्रं वाढली आणि २०१९ मध्ये तीही आवळावी लागली. दार बंद केलं की लोक खिडकी शोधतात.

तिसरामजला

आणि स्वीडन, पोर्तुगाल? सक्ती नाही, तरी लसीकरण उत्तम. भारताने पोलिओ घालवला तो घराघरांत जाऊन थेंब पाजून, दंडाची पावती फाडून नव्हे. शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मधला.

मला दुसरंच टोचतंय. जगात २०२३ मध्ये सुमारे १ कोटी ४५ लाख बाळांना एकाही लशीचा एकही डोस मिळाला नाही. यातल्या बहुतेकांच्या आईबापांनी काही नाकारलेलं नाही. तिथे युद्ध आहे, दवाखाना दूर आहे, लस संपलेली आहे, दिवसाची मजुरी बुडवून जाणं परवडत नाही. त्यांना कायदा काय देणार? अर्थसाहाय्य तोडणं तर मला क्रूर वाटतं. श्रीमंताच्या नकाराला त्याने धक्का लागत नाही, गरिबाच्या अडचणीला मात्र शिक्षा होते.

नदीकाठ

स्वीडनमध्ये लोकांचा सरकारी आरोग्यसेवेवर पिढ्यान्‌पिढ्यांचा विश्वास आहे. तो उसना आणता येत नाही. जिथे तो नाही तिथे काय करायचं? वाट बघायची? आणि वाट बघताना जी मुलं जातील त्यांचं काय?

शांतसंध्या

इतके दिवस फक्त वाचत होते. आज लिहिते.

माझ्या मुलाला गोवराच्या लशीनंतर नवव्या दिवशी ताप चढला आणि आकडी आली. डोळे वर गेले, हातपाय ताठ, ओठ निळसर. दोन मिनिटं चाललं असेल. मला ती दोन मिनिटं आजही घड्याळाच्या काट्यासकट आठवतात, कारण मी घड्याळाकडेच बघत होते, त्याच्याकडे बघवत नव्हतं.

जिथे लस दिली होती तिथे नेलं. मी म्हटलं, नऊ दिवसांपूर्वी लस झालीय. उत्तर आलं, "लशीचा काही संबंध नाही, दात येत असतील." कुठेही नोंद केली नाही. नंतर मी स्वतः वाचलं तेव्हा कळलं की संबंध असतो. ह्या लशीनंतर साधारण सहा ते चौदा दिवसांत ताप येऊ शकतो आणि साधारण तीन ते चार हजार डोसांमागे एका मुलाला तापाची आकडी येऊ शकते. ती दिसते भयंकर, पण तिने कायमचं नुकसान होत नाही. प्रत्यक्ष गोवरात आकडीचा धोका याहून जास्त असतो. हे सगळं खरं आहे आणि मला पटलेलं आहे. मग आधी का नाही सांगितलं? नवव्या दिवशी ताप आला तर काय करायचं, एवढं एक वाक्य आदल्या आठवड्यात कुणी बोललं असतं तर मी इतकी कोसळले नसते.

मुलगा आज पाच वर्षांचा आहे, दणकट आहे. दुसरा डोस मी अजून दिलेला नाही. लशीची भीती माझी गेलीय. 'संबंध नाही' म्हणणाऱ्या त्या माणसाची गेलेली नाही.

सुईदोरा

शांतसंध्या, तुमच्याशी जे वागले ते चुकलेच. लस दिल्यावर उद्भवलेली प्रत्येक घटना नोंदवायची असते, लशीमुळे असो वा नसो. कशामुळे झाली हे नंतर तपासणारे वेगळे असतात. नोंदच झाली नाही तर तपासणार काय?

मी २२ वर्षं लसीकरणाचं काम करते. परिचारिका आहे. धाग्यावर मोठी चर्चा झालीय, मी टेबलाच्या ह्या बाजूचं सांगते.

गोवराची लस कुपीत कोरडी येते. तळाशी फिकट रंगाची इवलीशी वडी असते. सोबत वेगळ्या कुपीत तिचंच द्रावक येतं. ते घालून हलक्या हाताने फिरवायचं, वडी विरघळली की लस तयार. कुपीवर उघडल्याची वेळ लिहायची. सहा तासांनंतर उरलेली टाकून द्यायची, कितीही उरली तरी. अनेक देशांत कुपीवर एक गोल आणि त्यात एक चौकोन असतो. चौकोन गोलापेक्षा फिका तर लस चांगली. उष्णता लागत गेली की चौकोन गडद होत जातो. गोलाइतका झाला की ती कुपी वापरायची नाही. हे कुणीही आईबाप बघू शकतात. मी स्वतःहून दाखवते. प्रश्नचिन्ह, तुम्हीही मागा. 'कुपी दाखवा' म्हणणं हा अपमान नाही.

द्रावकाचं एवढं का सांगितलं? सामोआ बेटांवर जुलै २०१८ मध्ये दोन बाळं लस दिल्यावर काही मिनिटांत गेली. लशीत दोष नव्हता. द्रावकाच्या जागी चुकून स्नायू शिथिल करणारं, मुदत संपलेलं औषध मिसळलं गेलं होतं. लस देणाऱ्या दोन्ही परिचारिकांना पुढे पाच वर्षांची शिक्षा झाली. सरकारने लसीकरणच थांबवलं, ते अनेक महिने. त्या काळात घराघरांत काय बोललं गेलं असेल याचा विचार करा. लस सुरू झाली तरी लोक येईनात. २०१९ च्या शेवटी गोवर आला. दोन लाख वस्तीच्या देशात ५,७०० हून जास्त रुग्ण, ८३ मृत्यू, बहुतेक पाच वर्षांच्या आतली मुलं. मग सक्ती आली. डिसेंबरमध्ये दोन दिवस सगळं कामकाज बंद ठेवलं. ज्या घरात लस न घेतलेलं कुणी असेल त्यांनी दारापुढे लाल कापड बांधायचं आणि पथकं घरोघर फिरायची. काही दिवसांतच बहुतेक सगळ्यांना लस मिळाली.

सक्तीला उपयोग नाही असं मी म्हणणार नाही. लाल कापडाने जीव वाचले. पण मला ते मधले महिने झोपू देत नाहीत. काय चुकलं, कुणाचं चुकलं, आता काय बदललंय, हे दारोदार जाऊन तेव्हाच सांगितलं असतं तर?

माझा अनुभव दोन्ही बाजूंचा आहे. नियम कडक झाला की ज्यांनी नुसतं 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणून ढकललेलं असतं ती सगळी मुलं येतात. ती संख्या मोठी असते, ठाम विरोधकांपेक्षा कितीतरी मोठी. पण नियमामुळे आलेली एखादी आई ओठ घट्ट मिटून बसते. मी विचारते, आधी कुठल्या लशीचा त्रास झालाय? कसली ॲलर्जी? ती म्हणते नाही. तिला फक्त कागदावर शिक्का हवा असतो. तेव्हा मला भीती वाटते, कारण मला जे कळायला हवं ते ती सांगत नाहीये. घाबरून प्रश्न विचारणारी आई मला परवडते, गप्प बसलेली नाही परवडत.

रोटाव्हायरसच्या लशीबद्दल. ती वर्षभरात मागे घेतली गेली, कारण नोंदी झाल्या म्हणून. त्यानंतरच्या दोन लशी बाजारात यायच्या आधी प्रत्येकी ६० हजारांहून अधिक बाळांवर तपासल्या, आतड्याचा तो धोका मोजायला एवढी बाळं लागतात म्हणून. चूक लपली असती तर हे झालं नसतं.

प्रश्नचिन्ह

सुईदोरा ताई, गेल्या वर्षभरात मला कुणी एवढं सांगितलं नव्हतं. चौकोनाचं माहीत नव्हतं. विचार करतोय.

कायद्याबद्दल माझं मत तेच आहे. काही झालं तर कुणाकडे यायचं, याचं उत्तर अजून मिळालं नाही.

जुनीवही

त्याचं उत्तर काही देशांनी दिलंय. जर्मनीत १९६१ पासून, अमेरिकेत १९८८ पासून भरपाईची योजना आहे. कंपनीचा किंवा डॉक्टरचा दोष सिद्ध करत बसावं लागत नाही. लशीने इजा झाली असं ठरलं की पैसे मिळतात. माझ्या मते याविना केलेली सक्ती न्याय्य नाही. समाजाच्या रक्षणासाठी तुमच्या मुलाने लाखात एखाद्या वेळी येणारा धोका पत्करावा असं समाज म्हणत असेल, तर तो धोका खरा ठरल्यावर त्या घराला एकटं सोडायचा समाजाला अधिकार नाही.

मधला एक मार्गही आहे. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याने २०११ मध्ये नियम केला की सूट हवी तर आधी आरोग्यसेवकाशी बोलून त्याची सही आणायची. तेव्हा सूट बंद केली नव्हती, तरी सूट घेणाऱ्यांचं प्रमाण घटलं. कित्येकांना सूट हवी होती ती फक्त ती सोपी होती म्हणून.

रानवाट

डेन्मार्कचा अभ्यास वाचला. मी जे ऐकलं होतं ते त्याच १२ मुलांच्या लेखातून फिरत आलेलं होतं. धन्यवाद.

तिसरामजला

वॉशिंग्टनचा मार्ग मला मान्य होण्यासारखा आहे. भर एवढीच, बोलायला माणूस मिळायला हवा. रांगेत ६० मुलं आणि एक परिचारिका असेल तर बोलणार कधी?

सुईदोरा

अगदी. लस द्यायला एक मिनिट लागतं, बोलायला दहा. पगार, माणसं, जागा, सगळं त्या एका मिनिटाच्या हिशोबाने ठरवलेलं असतं.

कोवळंऊन

सगळ्यांचं दोन-दोनदा वाचलं. उत्तर द्यायला उशीर झाला, मधे लेकीचे रक्ताचे आकडे खाली आले होते. आता बरी आहे.

माझं मत पूर्ण बदललेलं नाही. शाळेच्या दाराशी नियम हवा असं मला अजूनही वाटतं. देशाची सरासरी ९५ असून उपयोग नाही. माझी मुलगी सरासरीत बसत नाही, एका वर्गात बसते. त्या वर्गात तीन-चार घरांनी मिळून नकार दिला तर तिच्याभोवतीची भिंत तिथेच फुटते. तिसरामजला, सहमत आहे, अर्थसाहाय्य तोडू नये. पण तुम्ही म्हणता तसं सगळं समजुतीवर सोडलं तर समजूत पटेपर्यंतचा काळ माझ्या मुलीच्या वाट्याला येतो. तिच्याकडे सहा दिवस होते.

जे बदललं ते हे. धागा काढला तेव्हा माझ्या मनात कायदा म्हणजे त्या आईला भोगायला लावायची शिक्षा होती. आता मला वाटतं, नियम हवा असेल तर मीच मागायला हवं की शांतसंध्याच्या मुलाची नोंद व्हावी, प्रश्नचिन्हांना बसवून उत्तर मिळावं, इजा झाली तर भरपाई मिळावी. हे त्यांनी भांडून मिळवायचं काम नाही. सक्ती मी मागतेय, तर ही मागणीही मीच करायला हवी.

त्या आईला काल फोन केला. तिचं धाकटं बाळ दहा महिन्यांचं आहे. सुईदोरा ताईंनी लिहिलेलं तिला वाचून दाखवलं, कुपीचं आणि सामोआचंही. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, विचार करते. मी पुढे काही बोलले नाही.

शांतसंध्या

कोवळंऊन, खूप प्रेम. सुईदोरा ताई, एक विचारायचं होतं. पहिल्या डोसाला आकडी आली होती, तर दुसरा देता येतो का?

सुईदोरा

साधी तापाची आकडी हे सहसा दुसरा डोस टाळायचं कारण नसतं. पण मुलाला न बघता मी 'द्या' म्हणणार नाही. बालरोगतज्ज्ञांना पहिल्या वेळचं सगळं सांगा, कितव्या दिवशी आली, किती वेळ चालली, ताप किती होता. तुम्हाला ती दोन मिनिटं लक्षात आहेत, ती इथे कामाला येतील. आणि तेव्हाची नोंद झाली नव्हती हेही सांगा.

प्रश्नचिन्ह

आज सकाळी घेऊन गेलो. कुपी मागितली. तिथल्या सिस्टर आधी चमकल्या, मग त्यांनी खिडकीपाशी उजेडात धरून दाखवली. चौकोन फिका होता. द्रावकाच्या कुपीवरचं नाव मी मोठ्याने वाचलं, त्यांनी मला वाचू दिलं. उघडल्याची वेळ ९.४० लिहिलेली होती. मुलगा रडला, पाच मिनिटांनी माझ्या शर्टाचं बटण ओढत बसला.

ताप सहाव्या ते चौदाव्या दिवसांत येऊ शकतो ना? कॅलेंडरवर खुणा केल्यात. तिथला फोन नंबर लिहून मागितला, त्यांनी कार्डाच्या मागे लिहून दिला.

कायद्याला माझा विरोध आहेच.

सुईदोरा

असू द्या. नवव्या-दहाव्या दिवशी कसा आहे ते इथे लिहा, मी बघत राहीन.